आईबापांचें वय आणि संततीचें आयुष्य

आईबापांच्या वयाचा त्यांच्या संततीच्या प्रकृतीशीं व आयुर्मर्यादेशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न आज जीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत अभ्यासिला जात आहे. परंतु महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो वर्तमानपत्रांत, सभांत, न्यायालयांत आणि अखेरीस कायदेमंडळांत मोठ्या हिरीरीनें लढला गेला. आणि घराघरांतील मुलींचें भवितव्य त्यावर अवलंबून होतें. त्या वादाकडे आपण सामान्यतः सुधारक विरुद्ध सनातनी असा झगडा म्हणून पाहतों. तो तसा होताच. पण त्याच्या मुळाशीं संततीच्या बलाचा आणि आयुष्याचा एक युक्तिवाद होता, व त्या युक्तिवादाचें पुढें काय झालें हें पाहणें उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम ज्या ग्रंथांचा आधार दोन्ही पक्ष घेत असत त्यांकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दहाव्या अध्यायांत ह्या विषयाचें स्पष्ट विवेचन आहे. पंचविशीच्या आंतील पुरुषापासून सोळा वर्षांच्या आंतील स्त्रीला गर्भ राहिल्यास तो उदरांतच नष्ट होतो. जन्मास आलाच तर चिरकाल जगत नाहीं. आणि जगलाच तर दुर्बल इंद्रियांचा होतो, असा तेथील आशय आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांत स्त्रीचें वय सोळाच ठेवून पुरुषाचें वीसावर आणिलें, आणि त्याहून कमी वयाच्या दांपत्याची संतति रोगी व अल्पायु होते असें सांगितलें. गंमत अशी कीं, त्याच अध्यायांत सुश्रुतानें पंचवीस वर्षांच्या पुरुषानें बारा वर्षांची पत्नी करावी असेंही म्हटलें आहे. त्यामुळें विवाह लहान वयांत व्हावा असें म्हणणाऱ्यास एक वाक्य सांपडे, आणि गर्भाधान लांबवावें असें म्हणणाऱ्यास लगेच पुढचें. परंतु ह्या दोहोंच्याही पुढें आणखी एक विधान आहे. अतिवृद्ध किंवा दीर्घरोगी स्त्रीच्या ठिकाणीं गर्भाधान करूं नये, आणि पुरुष तशा अवस्थेंतील असल्यास तेच दोष संभवतात, असें तेथें सांगितलें आहे. वाचकांनीं हें शेवटचें विधान ध्यानांत ठेवावें; त्याचा संबंध पुढें येणार आहे.

आधुनिक वैद्यकाचा कौल ह्या प्रश्नावर प्रथम मागितला गेला तो १८७१ सालीं, बंगाल्यांत. केशवचंद्र सेन यांनीं नामांकित डॉक्टरांना पत्रें लिहून मुलीच्या विवाहाचें योग्य वय विचारलें. बहुतेकांनीं चौदा ते सोळा ह्यांच्या दरम्यानचें वय सुचविलें. मुंबईहून उत्तर देणाऱ्यांत प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे होते, व त्यांनीं इतरांपेक्षां वरची मर्यादा सांगितली. ह्या पत्रव्यवहाराचा परिणाम १८७२ च्या तिसऱ्या कायद्यांत दिसून आला. त्यांत मुलीस चौदा व मुलास अठरा वर्षें ही मर्यादा घातली गेली. पण तो कायदा प्रस्थापित धर्म सोडल्याचें जाहीर करून नोंदणीपद्धतीनें लग्न करणाऱ्या मूठभर लोकांपुरताच होता. सामान्य हिंदु घरांना त्याचा स्पर्शही झाला नाहीं.

त्या सामान्य घरांत काय चाललें होतें, ह्याचें एक उदाहरण सर्वांस परिचित आहे. मुलुंडाच्या पुढें थोड्याच अंतरावर असलेल्या कल्याणांतील जोशी घराण्यांत १८६५ सालीं जन्मलेली यमुना नवव्या वर्षीं तिच्याहून पुष्कळ मोठ्या अशा गोपाळरावांना दिली गेली व आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. पुढें ती अमेरिकेस गेली व १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाली. पदवीसाठीं तिनें जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षीं मूल गमावलेल्या मुलीनें सहा-सात वर्षांनीं परदेशांत बसून आपल्या पूर्वजांचे प्रसूतिविषयक ग्रंथ धुंडाळावे, ह्यांतील अर्थ निराळा सांगावयास नको. १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाची बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, क्षयानें तिचा अंत झाला.

ह्याच सुमारास मुंबईंत वाद पेटला होता. बेहरामजी मलबारी ह्या पारशी पत्रकारानें १८८४ सालीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य ह्यांवर टिपणें प्रसिद्ध केलीं आणि सरकारनें ह्यांत लक्ष घालावें अशी मागणी केली. बालविवाहापासून दुबळी व रोगट प्रजा निपजते हा मलबारींच्या आक्षेपांपैकीं एक प्रमुख आक्षेप होता. त्याच वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दादाजी भिकाजी यांनीं आपली पत्नी रखमाबाई हिनें नांदावयास यावें म्हणून फिर्याद लावली. रखमाबाईचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें. परंतु तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्य असल्यानें त्यांनीं तिला लहान वयांत सासरीं पाठविलें नाहीं. १८८५ सालीं न्या. पिन्ही यांनीं निकाल तिच्या बाजूनें दिला. १८८७ सालीं न्या. फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर तुरुंगांत जा, असा हुकूम केला; आणि १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

रखमाबाईनें १८८५ सालीं 'एक हिंदु स्त्री' ह्या सहीनें टाइम्स ऑफ इंडिया पत्रांत जीं पत्रें लिहिलीं, त्यांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें असतां एक गोष्ट नजरेस येते. सुधारक पुढील पिढीच्या दुर्बलतेविषयीं बोलत होते. सनातनी गर्भाधान-संस्काराच्या लोपाविषयीं बोलत होते. आणि ही बाई आपल्या बंद पडलेल्या शिक्षणाविषयीं, आपल्या मनाविषयीं व आपल्या आयुष्याविषयीं बोलत होती. लहान मुलीचें लग्न वाईट कां, ह्या प्रश्नाचें तिचें उत्तर साधें होतें: तें त्या मुलीला वाईट आहे म्हणून.

हें उत्तर त्या काळच्या कायद्याला पुरेसें वाटलें नाहीं. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसंबंधांत झालेल्या इजेनें मरण पावली, तेव्हां कोठें सरकार हाललें. १८९१ च्या जानेवारींत सर अँड्र्यू स्कोबल यांनीं संमतिवयाचें बिल मांडलें व मार्चांत तें मंजूर झालें. दहा वर्षांची मर्यादा बारावर गेली. त्या दोन-तीन महिन्यांत महाराष्ट्रांत जें वाग्युद्ध झालें त्याला तोड नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धर्मशास्त्रांतील विवाहवयावर इंग्रजींत टिपण लिहिलें, न्या. तेलंगांनीं बिलास पाठिंबा दिला. आगरकर 'सुधारकां'तून झुंजले. टिळकांनीं परक्या सरकारच्या कायद्यास कडवा विरोध केला. पण टिळकांच्या विरोधाबरोबर एक गोष्ट सांगितली जात नाहीं. १८९० सालीं त्यांनीं सुधारकांपुढें स्वेच्छेनें पाळावयाची एक प्रतिज्ञा ठेविली होती. तींत मुलीचें लग्न सोळांच्या आंत व मुलाचें विसांच्या आंत करूं नये हें तर होतेंच. शिवाय चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये, करणेंच झाल्यास विधवेशीं करावें, असेंही कलम होतें. म्हणजे पुरुषाच्या वयास वरची मर्यादा असावी ही कल्पना त्या वादांत उच्चारली गेली होती. कायद्यांत मात्र ती आली नाहीं. १८९१ च्या नाहीं, व पुढच्याही नाहीं.

कायद्यानें जें सोडलें तें रंगभूमीनें उचललें. १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांचें 'संगीत शारदा' हें नाटक रंगभूमीवर आलें, आणि म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या पदरीं बांधली जाणारी शारदा घरोघरच्या बायकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाली. जरठ-कुमारी विवाहाविषयीं त्या नाटकानें जी लाज समाजांत उत्पन्न केली ती दहा कायद्यांनीं झाली नसती. परंतु तेथेंही आक्षेप होता तो मुलीच्या विटंबनेचा व बापाच्या पैशाच्या लोभाचा. म्हाताऱ्या बापाच्या संततीचें काय, हा सुश्रुतानें काढलेला मुद्दा लोकांच्या बोलण्यांतून गळालाच.

पुढील टप्पा १९२८-२९ चा. मिस् मेयोच्या १९२७ सालच्या पुस्तकानें देशभर संताप उसळला होता. हरबिलास सारडांचें बिल केंद्रीय कायदेमंडळापुढें होतें. अशा वेळीं सरकारनें संमतिवयाच्या चौकशीसाठीं एक समिति नेमिली. तिचे अध्यक्ष वऱ्हाडांतील नामवंत वकील सर मोरोपंत जोशी हे होते. समितीनें देशभर प्रश्नावली पाठविली व अनेक ठिकाणीं साक्षी घेतल्या. त्या प्रश्नावलींत, अल्पवयांतील मातृत्व हें बाळंतिणींच्या व अर्भकांच्या मृत्यूस आणि लोकांच्या शारीरिक व बौद्धिक ऱ्हासास कारण होतें काय, असा सरळ प्रश्न होता. सारडा कायदा १९२९ सालीं मंजूर होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. मुलीस चौदा, मुलास अठरा. ही मर्यादा १९४९ सालीं मुलीस पंधरा व १९७८ सालीं मुलीस अठरा, मुलास एकवीस अशी झाली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें थांबलें पाहिजे. अर्भकें मरत होतीं हें खरें. पण तीं आईच्या वयामुळेंच मरत होतीं काय? १९२१ सालीं मुंबई शहरांत जन्मलेल्या हजार मुलांमागें सहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत मेल्याची नोंद आहे. जन्माच्या नोंदी अपुऱ्या असल्यानें हा आंकडा फुगलेला होता हें मान्य केलें, तरी एका खोलीच्या बिऱ्हाडांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक होतें, ही गोष्ट उरतेच. चाळींतली कोंडलेली हवा, नासकें दूध, साथीचे रोग, आणि गिरणींत जातांना मुलाला दिली जाणारी अफूची गोळी ह्या सर्वांचा हिशेब एकट्या आईच्या वयावर मांडणें न्याय्य नव्हे. लहान वयांत आई होणारी मुलगी बहुधा गरीबही असे, अशिक्षितही असे आणि अर्धपोटीही असे. कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतां त्यांतील एकच उचलून दाखविणें सोपें असतें; सभेंत तें चालतें, शास्त्रांत चालत नाहीं.

ही गुंतागुंत सोडविण्याचें काम विसाव्या शतकांतील शास्त्रानें हातीं घेतलें. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १९१८ सालीं अमेरिकेंतील हाइड नांवाच्या एका कुळाच्या वंशावळीवरून आयुर्मानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तींत तरुण आईबापांचीं मुलें सरासरीनें अधिक जगलेलीं दिसलीं. इंग्लंडांत पेन्रोज यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, पुढें डाउन ह्याच्या नांवानें ओळखली गेलेली जन्मजात विकृति आईच्या वाढत्या वयाबरोबर वाढते. १९४७ सालीं लॅन्सिंग यांनीं रोटिफर नांवाच्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर प्रयोग केले. प्रत्येक पिढींत म्हाताऱ्या माद्यांचीच संतति निवडीत गेल्यास आयुष्य पिढीगणिक घटत जाऊन अखेर तो वंशच खुंटतो, असें त्यांस आढळलें.

तोंवर सर्वांचें लक्ष आईकडे होतें. बापाकडे तें वळावयास आणखी कांहीं काळ गेला. गाव्रिलोव दांपत्यानें युरोपांतील राजघराण्यांच्या व सरदारघराण्यांच्या वंशावळी तपासून १९९० नंतरच्या दशकांत असा निष्कर्ष काढला कीं, पन्नाशीच्या पुढील बापांच्या मुलींचें आयुष्य तरुण बापांच्या मुलींपेक्षां सुमारें चार वर्षांनीं कमी भरतें. मुलग्यांत मात्र हा फरक दिसत नाहीं. बापाकडून एक्स गुणसूत्र येतें तें केवळ मुलीला, त्यांत ह्याचें कारण असावें असा त्यांचा तर्क आहे. २०१२ सालीं आइसलंडांतील ७८ कुटुंबांच्या अभ्यासावरून असें दिसून आलें कीं, बापाच्या वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षामागें मुलाच्या वांट्यास सुमारें दोन नवे जनुकीय फेरबदल अधिक येतात. ह्याचें कारणही समजण्यासारखें आहे. स्त्रीच्या अंडपेशी तिच्या जन्मापूर्वींच तयार झालेल्या असतात. पुरुषाच्या बीजपेशींच्या नकला मात्र जन्मभर होत राहतात, आणि जितक्या नकला अधिक तितक्या लेखनिकाच्या चुका अधिक. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. एवंच, पुरुषाच्या बाबतींतही तेच दोष संभवतात हें सुश्रुताचें विस्मृत वाक्य पुन्हां विचारांत घेण्याजोगें ठरलें.

परंतु ह्यावरून म्हाताऱ्या बापाचें मूल अल्पायुच होणार असें अनुमान काढणारा घाईचा ठरेल. त्याच २०१२ सालीं फिलिपाइन्समधील एका अभ्यासांत, वयस्क बापांच्या मुलांच्या गुणसूत्रांचीं टोकें अधिक लांब असल्याचें आढळलें. आणि हीं टोकें लांब असणें हें पेशींच्या तारुण्याचें एक लक्षण मानिलें जातें. २०१६ सालीं स्वीडनमधील एकाच आईच्या भावंडांची तुलना करणाऱ्यांस असें दिसलें कीं, आईच्या उतारवयांत झालेलें भावंड थोरल्यापेक्षां अधिक उंच व अधिक शिकलेलें निघतें. कारण तें दहा-पंधरा वर्षें उशिरां, म्हणजे अधिक सुधारलेल्या काळांत जन्मास येतें. आपल्या देशांत तर काळाचा हा प्रभाव केवढा! विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खालीं होतें. आज तें सत्तरीच्या आसपास आहे. आईबापांच्या वयानें पडणारा दोन-चार वर्षांचा फरक ह्या वाढीपुढें अल्प आहे.

मग १८८४ पासूनच्या त्या युक्तिवादांत तथ्यच नव्हतें काय? होतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकें सरासरीनें पावणेतीन किलोंच्याही किंचित् खालीं भरत, जेव्हां इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं साडेतीन किलोंचीं असत. आणि आश्चर्य असें कीं, हीं कृश मुलें हाडामांसानें कमी असलीं तरी चरबीनें तितकीं कमी नव्हतीं. पुढें मधुमेहास व हृदयविकारास बळी पडण्याचें बीज अशा रीतीनें आईच्या उदरांतच पेरलें जातें, असें ह्या अभ्यासकांचें मत आहे. त्याचप्रमाणें भारतासह पांच देशांतील एकोणीस हजारांहून अधिक मुलांचा जो एकत्रित अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत संपत्ति, शिक्षण इत्यादि गोष्टींचा हिशेब वजा घातल्यावरही, एकोणीस किंवा त्याहून कमी वयाच्या मातांचीं मुलें वजनानें कमी, वाढीनें खुरटीं व शिक्षणांत मागें राहिलेलीं आढळलीं. पस्तिशीच्या पुढील मातांचीं मुलें मुदतीपूर्वीं जन्मण्याचा धोका अधिक होता; पण तीं खुरटण्याचें प्रमाण कमी व शिक्षण अधिक होतें. मोठेपणीं रक्तांतील साखर मात्र दोन्ही टोकांच्या मातांच्या मुलांत किंचित् वाढलेली होती.

तात्पर्य, सुश्रुताचें व सुधारकांचें म्हणणें दिशेनें बरोबर होतें. त्याची निश्चितता मात्र अतिशयोक्त होती. स्वतः रखमाबाईचेंच उदाहरण घ्या. तिच्या जन्माच्या वेळीं तिची आई जयंतीबाई अवघी पंधरा वर्षांची होती. ग्रंथाच्या वचनाप्रमाणें तिनें जगूं नये, जगल्यास दुर्बल असावें. ती इंग्लंडांत जाऊन १८९४ सालीं डॉक्टर झाली, सुरत व राजकोट येथें तिनें रुग्णसेवा केली, आणि १९५५ सालीं नव्वदीं ओलांडून ती मरण पावली. उलट आनंदीबाईचें बाळ दहा दिवसांचें सोबती ठरलें. सरासरी ही समाजाची असते. व्यक्तीच्या कपाळीं ती लिहिलेली नसते.

आतां आमच्या उपनगरांकडे पाहूं. १८९१ सालीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हीं ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांतील गांवें होतीं. उपनगर जिल्हा निराळा झाला तो १९२० सालीं. ज्या भागांत एके काळीं दहाव्या-बाराव्या वर्षीं मुली उजवल्या जात, तेथें आज शिकलेल्या मुलीचें लग्न तिशीच्या आसपास होतें, आणि घराचे हप्ते व नोकरीची स्थिरता पाहून अपत्याचा विचार त्याच्याही पुढें जातो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नानें १९८६ सालीं प्रयोगशाळेंत गर्भ धरविलेलें मूल जन्मास आलें, तेव्हांपासून ह्या उशिराला वैद्यकाचाही आधार मिळाला आहे. तथापि हें चित्र सर्व महाराष्ट्राचें नव्हे. देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनें २०१९-२१ मध्यें केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचें लग्न अठरांच्या आंत झालेलें आढळलें. म्हणजे पांचांतली एक. मोरोपंत जोशांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाहीं.

उपनगरांतील मध्यम वर्गाचा प्रश्न निराळा आहे, पण त्यांतील एक जुनी खोड तशीच आहे. तिशीच्या मुलीला घरांतलीं वडील माणसें बजावतात कीं, वय निघून चाललें, मूल निरोगी होणार नाहीं. चाळिशीच्या जावयाला हें कोणी बजावीत नाहीं. पूर्वीं मुलीचें वय कमी म्हणून संततीच्या दौर्बल्याचा दोष तिच्या पदरीं पडे. आज वय जास्त म्हणून पडतो. बापाचें वय हिशेबांत धरणारा नियम आपल्या कायद्यांत आला तो २०२१ सालीं, साहाय्यित प्रजननाच्या अधिनियमांत. त्यानें अशा उपचारांसाठीं स्त्रीस पन्नास व पुरुषास पंचावन्न वर्षें ही वरची मर्यादा घातली. टिळकांच्या चाळिशीच्या कलमानंतर एकशें एकतीस वर्षांनीं, आणि तीही केवळ रुग्णालयाच्या दारापुरती!

ज्या घरांत हा प्रश्न उद्यां निघेल तेथें आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, शास्त्राचा आधार घ्यावयाचा तर तो पुरा घ्यावा. आईच्या वयाबरोबर बापाचेंही वय मोजावें. दोघांच्या वयाबरोबर आईचें पोषण, घरची ऐपत व काळाची अनुकूलता हींही मोजावीं. आणि सरासरीला भविष्य समजूं नये. पण ह्या सर्वांच्या आधीं एक गोष्ट आहे. संततीचें आयुष्य वाढावें म्हणून मुलींचें वय वाढवा, असें सांगून ज्यांनीं एकेक वर्षासाठीं कायदेमंडळाशीं झगडा केला त्यांचे उपकार मोठे आहेत. तरी त्यांचा युक्तिवाद उसना होता. उद्यां कोणी सप्रमाण सिद्ध केलें कीं पंधरा वर्षांच्या आईचींच मुलें दीर्घायु होतात, तर आपण पंधराव्या वर्षीं मुलीचें लग्न लावूं काय? ह्या प्रश्नाचें जें उत्तर प्रत्येक वाचकाच्या मनांत तत्काळ उमटेल, तें देण्याचें धैर्य १८८५ सालीं एका विशींतल्या मुलीनें दाखविलें होतें. मूल जगावें हें खरेंच. परंतु त्याची आई ही देखील कोणाची तरी संतति आहे, आणि तिच्याही आयुष्याचा हिशेब त्यांत धरावयाचा आहे.